अस्तराचा तुकडा

त्या दिवशी वर्गातल्या पडद्यावर माझ्या आईचा चेहरा आला आणि सर म्हणाले, "रंग चुकलाय."

तास रंगदुरुस्तीचा होता. मी नगरच्या एका कॉलेजात चित्रपट आणि माध्यमांचा अभ्यास करत होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्हाला एक काम दिलं होतं: एक माणूस, त्याचं एक काम, तीन मिनिटं, बोलणं नाही. कुणी खर्ड्याच्या किल्ल्यापाशी शेळ्या राखणारा म्हातारा आणला होता, कुणी नागापूरच्या एमआयडीसीतला वेल्डर. मी आई आणली होती. काष्टीला आमच्या घराच्या ओट्यावर ती शिलाई मशीन टाकून बसायची. ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची, बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतल्या बायका कापडं टाकून जायच्या. मी तेच टिपलं होतं.

चित्रीकरणाआधी कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं. ट्यूबच्या उजेडात पांढरं निळसर दिसतं, बल्बच्या उजेडात पिवळसर. आपला डोळा ते मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो, कॅमेरा करत नाही. म्हणून त्याच्यासमोर कोरा कागद धरायचा आणि सांगायचं, हे पांढरं, बाकीचं यावरून ठरव. मी कागद नेला नव्हता. आईने शेजारचं पांढरं अस्तराचं कापड उचललं आणि तोंडासमोर धरलं.

"हे चालंल का?" कापडाआडून ती हसत होती.

ते कापड नंतर तिने मांडीवर टाकलं. त्यामुळे पूर्ण तीन मिनिटं ते चौकटीत राहिलं.

वर्गात मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "काकूंना हळद लागलीय. लग्न कुणाचंय?" सगळे हसले. मीही हसले.

"व्हाइट बॅलन्स केला नव्हता का?" सरांनी विचारलं.

"केला होता सर. अस्तर धरलं होतं समोर."

सरांनी माउसने मांडीवरच्या कापडावर टिचकी मारली. कापड पांढरंच होतं. मागची भिंत जशी आहे तशी होती, दोऱ्याची रिळं आपापल्या रंगात होती. त्यांनी रंगाची पट्टी निळ्याकडे सरकवली. आईचा चेहरा माणसात आला, पण मांडीवरचं कापड आकाशी झालं. त्यांनी पट्टी परत आणली. कापड पांढरं, चेहरा पिवळा. पुन्हा एकदा करून पाहिलं. मग चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि भिंतभर पडद्यावर फक्त आईचा एक डोळा उरला, सुईकडे पाहणारा. त्या डोळ्यातलं पांढरं पांढरं नव्हतं.

मागे हळदीचा विनोद करणाऱ्याने मान खाली घातली. सरांनी प्रोजेक्टर बंद केला. "हे राहू द्या. पुढचं घेऊ," म्हणाले.

तास संपल्यावर त्यांनी मला दारात थांबवलं. "हे दिवाळीतलं ना?"

"हो सर."

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "घरी फोन कर. आईंना जेवण जातंय का, विचार. नुसतं विचार."

मी जिन्यातच फोन लावला. पलीकडे मशीनचा आवाज चालू होता.

"जेवन? जातंय की. न जायला काय झालं? तूच नीट खात जा, हॉस्टेलचं पानी दिवाळीत तोंडावर दिसत हुतं तुझ्या."

"बाकी बरी आहेस ना?"

"बरी म्हंजे, अंगाला खाज लई येतीय बघ. ह्या नव्या साड्यांची खळ. कसली घालत्यात कुनाला ठावं, पार हाडात शिरती."

"आरशात बघितलंस का आई?"

"बघून काय करू? पिच्चरमदी जायचंय का मला?" मशीन थांबलं. मशीन थांबल्यावर मागचा रस्ता ऐकू यायला लागला, एक टेम्पो, एक कुत्रं. मग ती म्हणाली, "का गं?"

"काही नाही. सहज."

दुसऱ्या दिवशी मी घरी गेले. ती ओट्यावर बसली होती आणि तिच्या डोक्यावर, अंबाड्याच्या वर, बारीक काड्यांची एक माळ होती.

ती काविळीची माळ होती. आमच्याकडे अजूनही घालतात. वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात ओवून टाळूवर ठेवायचे. कावीळ उतरत जाते तशी माळ वाढत जाते, टाळूवरून कपाळावर, कपाळावरून गळ्यात येते, असं म्हणतात. शेजारच्या काकूंनी आईचे डोळे पाहिले होते आणि आण्णांना सांगितलं होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला. हंगामात अंधारात जायचे, अंधारात यायचे. घरातल्या बल्बखाली सगळेच पिवळे दिसतात. काकूंचं ऐकून ते सुट्टी टाकून मोटारसायकलवर गेले आणि माळ घेऊन आले.

काकू माझ्या मागोमागच आल्या. "बघ गं, काल टाळूवर हुती, आज कानापतुर आलीया. उतारा पडतोय. तुमी कालेजवाली लगीच दवाखाना दवाखाना करता."

"व्हय व्हय," आई म्हणाली. "तुमच्यामुळंच गुन आला म्हनायचा."

काकू गेल्यावर आईने माळ काढली आणि तळहातावर ठेवून मला दाखवली. "ही बघ. सूरगाठीनं ओवलीय. काड्या ओल्या हायत तवर गाठ घट. वाळल्या की काडी बारीक व्हती, गाठ सैल पडती, माळ लांबती. भिंतीच्या खुंटीवर अडकवून ठेव, तिथं बी लांबंल."

"मग घातलीस कशाला?"

"तुझ्या आण्णांनी आनलीय. एवढ्या लांबनं, गाडीवर." तिने माळ पुन्हा डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी सरळ केली. "तू बोलू नको त्यांना काई."

तिची नखं मी तेव्हा पाहिली. शिवणाऱ्या बाईची नखं कापडाच्या रंगाने कधी कधी रंगतात. हा तो रंग नव्हता.

संध्याकाळी आण्णा आले. हातपाय न धुता आधी माळ पाहिली, बोटांनी मोजली. "आली की खाली," म्हणाले. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

नगरला दवाखान्यात नेलं तेव्हा माळ छातीपर्यंत आली होती. सोनोग्राफीच्या आधी नर्सने ती काढून आण्णांच्या हातात दिली आणि त्यांनी ती खिशात घातली. आईला आत ठेवून डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. स्वादुपिंडापाशी गाठ होती. पित्ताची वाट तिने दाबून धरली होती. आत एक नळी बसवू, ते म्हणाले, वाट मोकळी होईल, खाज थांबेल, रंग जाईल.

"म्हंजे बरी व्हईल," आण्णा म्हणाले.

"रंग जाईल," डॉक्टर पुन्हा म्हणाले, आणि मग हळूहळू बाकीचं सांगितलं. आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता, हेही त्यांनी सांगितलं. ते खरं होतं की आमच्यासाठी होतं, मला माहीत नाही. मी ते वाक्य ठेवून घेतलं आहे.

बाहेर बाकड्यावर आण्णांनी माझं मनगट धरलं. "तिला कळू द्यायचं न्हाई. कावीळ म्हनायचं. कावीळ, बास. कळलं तर ती तिथंच बसंल, उठायची न्हाई. तुला तोंड सांभाळता येतंय का?"

मी येतं म्हणाले. वर्षभर मी तेच शिकत होते की चेहरा जवळून पाहिला तर न बोलता किती सांगतो. पापणी किती खाली आली, ओठ कुठे दाबला गेला. ते सगळं आता मला माझ्या चेहऱ्यावरून पुसायचं होतं. दवाखान्याच्या बेसिनवरच्या आरशात मी एकदा पाहिलं आणि आत गेले.

"काय म्हनला डाक्टर?" आईने विचारलं.

"कावीळ आहे. नळी टाकणार."

"बरं," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे पाहिलं.

नळी बसली आणि रंग खरंच गेला. पंधरवड्यात तिचे डोळे निवळले, खाज थांबली, ती पुन्हा ओट्यावर बसली. लग्नसराईचे ब्लाउज येऊन पडले होते. काकू सगळ्या आळीत सांगत फिरल्या की डॉक्टरने नुसती नळी घातली, गुण माळेचा. आण्णांनी ती वाळकी माळ देवघरात ठेवली. लोक यायचे, आईला बघायचे आणि म्हणायचे, चांगली दिसतीय की आता. खरंच चांगली दिसत होती. मी ओट्याच्या पायरीवर बसून तिच्याकडे पाहायचे आणि मला वर्गातली ती पट्टी आठवायची. चेहरा बरोबर झाला होता. मग आता दुसरं काय निळं पडलं असेल, ते मी शोधत राहायचे.

ते मला तिच्या ब्लाउजमध्ये सापडलं. मी दर शनिवारी घरी यायचे. एकदा वाळत घातलेले कपडे काढताना तिचा ब्लाउज उलटा हातात आला. बगलेखालच्या शिवणीच्या आत आणखी एक शिवण होती. पुढच्या शनिवारी त्याच्या आत आणखी एक. ती स्वतःचे कपडे स्वतः आत घेत होती, एकेक टीप. आधीची शिवण उसवतही नव्हती. कापड कापलेलं नव्हतं, आत दुमडून ठेवलेलं होतं. मी घडी घालून ठेवली. ती बघत होती.

मग एका शनिवारी दुपारी ती म्हणाली, "त्यो तुझा पिच्चर दाव की. माझा काढला हुतास त्यो."

मी लॅपटॉप घरात आणला. तिने मान हलवली. "हितं न्हाई. बल्बखाली रंग कळत न्हाई. भायेर आन."

दोऱ्याचा रंग जुळवायचा असला की ती कायम असंच करायची. रीळ आणि कापड घेऊन ओट्याच्या कडेला जायची, उन्हात नाही आणि सावलीतही नाही, मधोमध उभी राहायची. तिथे मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. बाजाराची वर्दळ ओसरली होती. आण्णा कारखान्यावर होते. तिने तीन मिनिटं बघितली, मग म्हणाली, "पुन्यांदा लाव." पुन्हा बघितली.

"दिवाळीतच दिसलं हुतं मला आरशात," ती म्हणाली. "म्हनलं, येवढे ब्लाउज व्हऊ देत, मग बघू."

मी पडदा थोडा तिच्याकडे वळवला.

"कावीळ न्हाई ना ही?"

मी तोंड सांभाळलं. खूप चांगलं सांभाळलं असं मला वाटलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझे आण्णा सफरचंद आनाया लागले तवाच कळलं मला. लग्नापासनं त्या मानसानं कंदी पेरू बी आनला न्हाई." ती हसली आणि हसताना तिने पोटावर हात ठेवला. "कावीळ झाल्यावर कोन रडतं का गं न्हानीत? नळ सोडून रडत्यात. मला काय नळाचा आवाज कळत न्हाई?"

"आई."

"त्यांना सांगू नको मला ठावं हाय म्हनून. मला कळलं न्हाई, ह्याच्यावर त्यांचं चाललंय. तेवढं ऱ्हाऊ दे त्यांचं."

मग तिने पडद्यावर बोट ठेवलं. "तुला रंग बदलता येतो न्हवं?"

"येतो."

"मग मला नीट कर. आन् कापड पांढरंच ऱ्हायला पायजे. कापड निळं करशील तर बाया म्हनतील, हिला अस्तर कळत न्हाई." थोड्या वेळाने म्हणाली, "फोटू ह्यातलाच काढ. त्या श्रीगोंद्याच्या फ्लेक्सवाल्याला देऊ नको करायला. त्यो समद्यांना मैद्यागत करतो. मागं त्या आत्याबाईंचा फ्लेक्स बघितला, मला वाटलं कुनी दुसरीच मेली."

मी विचारलं, कारण मला दुसरं काही विचारता येईना, "पण तुझा रंग नेमका कोणता करू?" आणि ते खरंच अडचणीचं होतं. घरात तिचे फोटो होते ते लग्नातले, स्टुडिओत रंगवलेले. मोबाईलमधले सगळे घरातल्या बल्बखालचे. तिचा रंग कुठेच नव्हता.

ती उठली, भिंतीला धरून आत गेली आणि कातरणांची पिशवी घेऊन आली. सगळे अस्तरांचे तुकडे, वर्षानुवर्षांचे. तिने पदर खांद्यावर घेतला आणि डावा हात कोपरापर्यंत पुढे केला. एकेक तुकडा हातावर ठेवायची, मान मागे घ्यायची, डोळे बारीक करायची, बाजूला टाकायची. हा लालसर. हा मळका. हा तुझ्या आण्णांचा, उन्हातला. दुसऱ्या बाईच्या ब्लाउजला अस्तर निवडताना जशी घाई नसायची, तशीच आताही नव्हती. शेवटी एक तुकडा हातावर राहिला आणि थोडं लांबून पाहिलं तर तो तिथे आहे हे कळत नव्हतं.

"ह्यो," ती म्हणाली. "आत्ताच घे. पुन्यांदा पिवळं व्हायच्या आत."

तेव्हा आण्णांची गाडी वाजली. तिने पिशवी बंद केली. "काय चाललंय मायलेकींचं?" आण्णांनी हँडलची पिशवी काढत विचारलं. पिशवीत सफरचंदं होती.

"हिच्या कालेजचं," आई म्हणाली. "आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

मी तो तुकडा कॉलेजात नेला. सरांना सगळं सांगितलं नाही. तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, चेहरा इथपर्यंत आणायचाय, कापड पांढरं ठेवून. त्यांनी तुकडा उचलला, परत ठेवला. मग म्हणाले, "मास्क करावा लागेल. वेळ खाईल." मास्क म्हणजे चेहऱ्याभोवती एक कडं आखायचं आणि ते चेहऱ्याबरोबर हलवत न्यायचं. ती मान खाली घालते, कडं खाली. दाताने दोरा तोडते, कडं वाकडं. आतला रंग बदलायचा, बाहेरचा तसाच ठेवायचा. तुकडा आम्ही कॅमेऱ्याखाली ठेवून त्याचा रंग पडद्यावर घेतला आणि चेहरा त्याच्याजवळ, जवळ, आणखी जवळ नेला. तास संपल्यावर रोज थोडं. मागच्या बाकावरचा तो हळदीचा विनोद करणारा मुलगा एकदा शेजारी येऊन बसला आणि न विचारता मानेच्या कडेचं काम करू लागला.

हात मात्र जमले नाहीत. मशीनवर तिचे हात फार चपळ होते. एका जागी ती मांडीवरचं पांढरं कापड तळव्याने सारखं करते. तिथे कडं तिच्या बोटांना गाठू शकत नाही आणि बोटांची टोकं पिवळी राहतात, अगदी थोडा वेळ.

काम संपलं त्या शनिवारी मी घरी गेले तेव्हा ती ओट्यावर नव्हती. मशीनवर चादर टाकलेली होती. आत बल्ब चालू होता. मी तो बंद केला, खिडकी उघडली, आणि पाहिलं. ती पुन्हा पिवळी पडली होती; आतली नळी तुंबली होती. मी लॅपटॉप तिच्यासमोर धरला. खिडकीच्या उजेडात तिने स्वतःचा नीट रंगाचा चेहरा पाहिला. मग पडद्याशेजारी स्वतःचा हात धरून पाहिला, जसा रिळाशेजारी कापड धरायची.

"जुळलं हुतं," ती म्हणाली.

आण्णा दारात होते. "काय जुळलं?"

"दोरा," ती म्हणाली.

चैत्र संपता संपता ती गेली. दशक्रियेच्या आधी आण्णांनी फोटो मागितला. मी तो काढलेलाच होता. श्रीगोंद्याला मी स्वतः गेले. फ्लेक्सवाल्याने फोटो पडद्यावर घेतला आणि हाताने सवयीने काहीतरी दाबलं.

"उजळ करू नका," मी म्हणाले.

"ताई, थोडं करावंच लागतं. मोठ्या छपाईत काळपट मारतं. समदेच करत्यात. मागं गुलाब टाकतो, ढग टाकतो."

"काही टाकू नका. आहे तसं छापा."

त्याने माउसवरचा हात काढला. "नंतर मला बोल लावू नका मग."

नदीवर जायच्या वाटेवर फ्लेक्स लागला. दोघी बायका त्याच्यासमोर थांबल्या. एक म्हणाली, "फोटू जरा सावळाच आलाय, न्हाई?" दुसरी म्हणाली, "घरात शिकलेली पोरगी असून." आण्णा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी फ्लेक्सकडे खूप वेळ पाहिलं.

"अशीच हुती," ते म्हणाले.

त्यांना कुणी भेटायला आलं की ते अजूनही सांगतात, तिला शेवटपतुर कळू दिलं न्हाई आमी. लोक मान हलवतात. मीही हलवते.

तीच चौकट आता घरात भिंतीवर आहे. दुरुस्त न केलेली तीन मिनिटं माझ्या हार्ड डिस्कवर आहेत, त्यांत ती पिवळी आहे आणि कापड पांढरं आहे. अस्तराचा तुकडा माझ्याकडे आहे.